टाकलेलं पान परत घेता येतं का? ब्रिज क्लबात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेंढीकोट, सात-आठ, तीनशे चार खेळत मोठी झालेली मंडळी ब्रिजच्या टेबलावर बसली की पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळीच हा प्रश्न येतो: "चुकून पडलं हो, परत घेऊ का?" घरी याचं उत्तर समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. मामा असेल तर "घे घे", मोठा भाऊ असेल तर "पडलं ते पडलं". क्लबात तसं नाही. डुप्लिकेट ब्रिजला वर्ल्ड ब्रिज फेडरेशनची नियमावली आहे, सध्या चालते ती २०१७ची. तिच्यात ९३ नियम आहेत आणि टाकलेल्या पानाचं काय करायचं हे त्यातले ४५, ४६ आणि ४७ क्रमांकाचे नियम सांगतात. पुढचं सगळं त्याच नियमांवर आधारलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण नवशिक्यांचा गोंधळ तिथेच होतो. खेळलेलं पान वाईट होतं म्हणून ते कधीच बदलता येत नाही. ते नियमाबाहेरचं होतं, तर मात्र बदलावंच लागतं. राजा टाकायचा तिथे सत्ती टाकली आणि ट्रिक गेली, तर ती गेली. पण बदाम मागितलेला असताना आणि हातात बदाम असताना किलवर टाकलं, तर ते पान तुम्हाला तसंच सोडून देता येत नाही, वेळेत लक्षात आलं तर दुरुस्त करावंच लागतं. (मेंढीकोटात आपण ज्याला 'हात' म्हणतो ती इथली ट्रिक. हातातल्या पानांशी घोळ नको म्हणून मी ट्रिकच लिहितोय.)

चूक झाली, आता पहिल्या मिनिटात काय करायचं

थांबा. पान उचलू नका, उलटं करू नका, हातात परत खुपसू नका. पान जिथे आहे तिथेच राहू द्या. टेबलावरची स्थिती जशीच्या तशी असेल तर निर्णय सोपा जातो. पान एकदा हातात मिसळलं की "होतं", "नव्हतं" सुरू होतं.

मग हात वर करा आणि "डायरेक्टर, प्लीज" म्हणा. (डायरेक्टर म्हणजे खेळावर देखरेख ठेवून निर्णय देणारा पंच.) यात कोणावर आरोप नाही. नियमच सांगतो की टेबलावर अनियमितता कोणी बोलून दाखवली की लगेच डायरेक्टरला बोलवायचं, आणि तो येऊन समजावून सांगेपर्यंत चौघांपैकी कोणीही काही करायचं नाही. चूक ज्याची आहे तोसुद्धा बोलवू शकतो, आणि मी तर म्हणेन त्यानेच बोलवावं. चूक एकदा बोलून दाखवली गेली की डमीसुद्धा, म्हणजे ज्याची पानं टेबलावर उघडी मांडलेली असतात तो खेळाडूही, बोलवू शकतो. मात्र ती आधी दाखवून द्यायचा हक्क डमीला नाही, डाव संपेपर्यंत त्याने गप्प बसायचं.

डायरेक्टर आला की फक्त घडलेलं सांगा: कोणाची उतारी (म्हणजे ट्रिकचं पहिलं पान टाकायची पाळी) होती, कोणतं पान पडलं, त्यानंतर कोणी काय टाकलं. "माझ्याकडे बदामाची दुर्री पण आहे", "मला तर राणी टाकायची होती कारण एक्का तिकडे आहे" असलं काहीही टेबलावर बोलू नका. तुमचा भिडू ऐकतोय, आणि त्याला ते ऐकू येणं ही वेगळीच अडचण होऊन बसते. काही खासगी सांगायचं असेल तर डायरेक्टरला बाजूला घेऊन सांगता येतं.

मग तो पर्याय सांगेल. ते पूर्ण ऐकून घ्या. पर्याय निवडायचा हक्क तुमचा असेल तर भिडूकडे बघून किंवा त्याला विचारून निवडू नका, स्वतः ठरवा. समजलं नाही तर "परत एकदा सांगता का?" असं बिनधास्त विचारा. चांगला डायरेक्टर नवशिक्याला तीनदासुद्धा सांगतो.

चौघांनी आपसात मिटवून टाकायची सवय मला अजिबात पसंत नाही. "जाऊ द्या, घ्या परत" म्हणणारा माणूस मनाने चांगलाच असतो. पण डुप्लिकेटमध्ये तेच डाव इतर टेबलांवरही खेळले जातात आणि गुण एकमेकांच्या तुलनेत लागतात. तुम्ही टेबलावर दाखवलेल्या उदारपणाची किंमत पलीकडच्या टेबलावरच्या जोडीला मोजावी लागते, आणि तिला कोणी विचारलेलंही नसतं.

पान 'खेळलं' कधी धरायचं

हे कोणी टाकलं त्यावर अवलंबून आहे. डिक्लेरर (बोली जिंकलेल्या जोडीतला, स्वतःची आणि डमीची अशी दोन्हींची पानं खेळणारा) आणि डिफेंडर (त्याचे दोन विरोधक) यांना वेगवेगळी मोजपट्टी आहे. ती का, हे समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

डिक्लेररचा भिडू डमी आहे. त्याची पानं टेबलावर उघडी आहेत आणि तो काही ठरवत नाही. डिक्लेररचं एखादं पान दिसलं तर त्याचा फायदा फक्त विरोधकांना होतो. त्यामुळे नियम इथे सैल आहे: डिक्लेररने हातातून काढलेलं पान चित्र वर करून टेबलाला टेकलं, किंवा टेकत आलं, किंवा खेळल्यासारखं धरून ठेवलं, तरच ते खेळलं. हातातून सटकून पडलं तर ते खेळलं असं होत नाही, उचलून घ्या. पण मुद्दाम काढून टेबलावर ठेवलेलं पान मात्र राहिलं, मग बोटांनी शेजारचंच पान पकडलं असलं तरी. अठ्ठीऐवजी नव्वी आली तर नव्वी खेळली गेली. हातातल्या पानाला 'हात घसरला' ही सबब चालत नाही.

डिफेंडरचं उलट आहे. टेबलावरच्या चार जागांना दिशांची नावं असतात आणि समोरासमोरचे दोघे भिडू; डिक्लेरर दक्षिणेला असेल तर डिफेंडर झाले पूर्व आणि पश्चिम, आणि ते एकमेकांची पानं न बघता एकमेकांना साथ देत असतात, त्यामुळे एकाचं पान दुसऱ्याला दिसणं म्हणजे फुकट मिळालेली माहिती. म्हणून डिफेंडरने पान असं धरलं की भिडूला त्याचं चित्र दिसू शकेल, तर ते त्या ट्रिकमध्ये खेळलं गेलं. 'दिसू शकेल' यावर जोर द्या. भिडू तेव्हा चहा घेत होता, त्याचं लक्ष नव्हतं, याने फरक पडत नाही. आणि पान फक्त डिक्लेररला दिसलं, भिडूला दिसणं शक्यच नव्हतं, तर ते खेळलेलं धरत नाहीत.

म्हणून डिफेन्सला बसल्यावर एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कोणतं पान टाकायचं हे पानं छातीशी असतानाच ठरवा, मग पान काढा. आधी पान अर्धं उपसायचं आणि मग विचार करायचा ही सवय घरच्या पत्त्यांतून येते. टेबलावरच्या निम्म्या भानगडी त्यातून होतात.

डमीतून मागितलेलं पान: जीभ घसरली की विचार?

पान खरंच बदलता येतं अशी मोठी जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डिक्लेरर डमीतलं पान नाव घेऊन मागतो आणि डमी ते उचलून पुढे ठेवतो. नाव घेतलं की पान खेळलं गेलं. पण तोंडातून भलतंच नाव निघालं असेल, म्हणजे मनात एक आणि जिभेवर दुसरं, तर डिक्लेररला ते दुरुस्त करता येतं. मुदत अशी की त्याने त्यानंतर स्वतःच्या हातातून किंवा डमीतून पुढचं पान खेळायच्या आत. नियमाचे शब्द स्पष्ट आहेत: जीभ घसरली तर चालेल, लक्ष उडालं किंवा विचार बदलला तर नाही.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. दक्षिण डिक्लेरर, उत्तर डमी.

पहिला. चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट (म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा ट्रिक करायची बोली), हुकूम सगळे काढून झालेत, उतारी डमीत आहे. दक्षिणला बदाम उतरायचाय. तो म्हणतो "इस्पिक", डमी हुकमाचं छोटं पान उचलतो, पूर्व आपलं पान टाकतो आणि दक्षिण म्हणतो, "अरे, बदाम म्हणायचं होतं मला!" इथे डायरेक्टर बहुधा ऐकेल. हुकूम संपवून झाल्यावर पुन्हा हुकूम उतरण्यात काहीच अर्थ नव्हता, म्हणजे मनात दुसरंच होतं हे पटतं. इस्पिक परत जातं, बदाम येतो, आणि पूर्वेला आपलं टाकलेलं पान कसलाही दंड न होता परत घेऊन दुसरं टाकता येतं. पूर्वेचं ते मागे घेतलेलं पान दक्षिणने पाहिलंय, पण त्या माहितीवर त्याने खेळ बेतायचा नाही. घोळ त्याच्या बाजूने झाला होता.

दुसरा. डमीत किलवर एक्का-राणी. दक्षिण हातातून छोटं किलवर उतरतो, मनात फिनेस (राजा पश्चिमेकडे आहे असं धरून राणीनेच ट्रिक काढायची युक्ती) ठरलेला आहे: पश्चिमेने छोटं टाकलं की राणी लावायची. पश्चिम चक्क राजा टाकतो. दक्षिणचं लक्ष नाही, ठरल्याप्रमाणे तोंडातून निघतं "राणी". पुढच्याच क्षणी राजा दिसतो. "अहो एक्का, एक्का! राजावर राणी कोण टाकेल?"

हे बदलता येत नाही. कितीही उघड असलं तरी. कारण "राणी" म्हणताना त्याच्या मनात राणीच होती. जीभ बरोबर चालली, लक्ष चुकलं. नवीन माणसाला हे फार लागतं, "माझा हेतू तर सगळ्यांना कळतोय ना?" असं तो म्हणतो. पण नियम विचारतो तो वेगळाच प्रश्न: शब्द बाहेर पडला त्या क्षणी तुम्हाला कोणतं पान हवं होतं? शहाण्या खेळाडूने काय मागितलं असतं, हा नाही. डायरेक्टर तुम्हाला हेच विचारेल. खरं उत्तर द्या. तुमच्या मनात काय होतं हे शेवटी तुम्हालाच माहीत असतं आणि या नियमाचा सगळा भार तुमच्या प्रामाणिकपणावर आहे. मला ब्रिज आवडतो त्याचं हेही एक कारण आहे.

डमीने चूक केली तर ती गोष्ट निराळी. दक्षिण म्हणाला "बदाम सत्ती" आणि उत्तरेने अठ्ठी उचलली, तर दोन्ही बाजूंनी पुढच्या ट्रिकमध्ये पान टाकेपर्यंत ती दुरुस्त करता येते. अठ्ठी मागे, सत्ती पुढे. मधल्या वेळात डिफेंडरने टाकलेलं पान त्याला परत घेता येतं. त्यामुळे पूर्वेने पान बदललं, तर दक्षिणलाही त्या ट्रिकमधलं आपलं पान बदलायची मुभा मिळते.

आणि तुम्ही डमी असाल तर सांगितल्याशिवाय एकाही पानाला हात लावू नका, पानं नीट मांडण्यापुरता लावलात तर चालेल. डिक्लेरर विचार करत असताना एखाद्या पानावर बोट नेणं म्हणजे त्याला सुचवणंच झालं. डिक्लेररसाठीही असंच: डमीतल्या पानाला मुद्दाम स्पर्श केलात तर ते खेळावं लागतं, मांडणीसाठी किंवा खालचं-वरचं पान काढण्यासाठी हात लागला असेल तर सूट आहे.

अर्धवट मागणी

नियमाप्रमाणे रंग आणि पान दोन्ही सांगायचं: "चौकट नव्वी". पण टेबलावर कोणी इतकं पूर्ण बोलत नाही, म्हणून अर्धवट शब्दांचे अर्थही ठरवून ठेवलेत. डिक्लेररच्या मनात दुसरंच होतं हे निर्विवाद दिसत असेल तेवढाच अपवाद.

"छोटं" म्हणालात तर त्या रंगाचं सगळ्यात लहान. "मोठं" म्हणालात तर सगळ्यात मोठं. "जिंक" म्हणालात तर ट्रिक जिंकेल असं माहीत असलेलं सगळ्यात लहान पान. नुसता रंग, "बदाम", म्हणजे त्यातलं सगळ्यात लहान. नुसतं "राणी" म्हणालात, आणि मागची ट्रिक डमीने जिंकून आता त्याचीच उतारी असेल, तर त्याच रंगाची राणी, ती असली तर. बाकी वेळी नियमात बसणारी राणी एकच असेल तर ती, दोन असतील तर कोणती ते तुम्हाला सांगावं लागेल. डमीत नसलेलंच पान मागितलंत तर ती मागणी रद्द, नव्याने मागा.

"काहीही टाक" हा शब्दप्रयोग मात्र सोडून द्या. घरात तो आपण सर्रास वापरतो. इथे त्याचा अर्थ असा की दोनपैकी कोणताही डिफेंडर डमीचं पान निवडू शकतो. शेवटच्या दोन-तीन ट्रिकमध्ये डमीत एक किंमती पान आणि एक फुकटचं पान उरलेलं असतं, तेव्हा तो किंमती पानच निवडेल.

रंग हातात असताना दुसरं पान: रिव्होक

आता नियमाबाहेरच्या पानाकडे येऊ. मागितलेल्या रंगाचं पान हातात असून दुसऱ्या रंगाचं टाकलं की रिव्होक. बहुतेक वेळा कारण साधं असतं: लाल बदाम लाल चौकटीत मिसळून बसलेला असतो. पानं लावताना लाल-काळा-लाल-काळा अशी आलटून पालटून लावा, निम्मे रिव्होक तिथेच थांबतील.

लक्षात आलं की दुरुस्त करायचं, पण मुदतीत. रिव्होक करणाऱ्याने किंवा त्याच्या भिडूने पुढच्या ट्रिकमध्ये पान खेळलं, किंवा खेळायचं पान नाव घेऊन सांगितलं, की तो कायम झाला. उरलेल्या ट्रिकांवर क्लेम केला (म्हणजे न खेळताच त्यातल्या किती आपल्या ते सांगून टाकलं) किंवा समोरच्याचा क्लेम मान्य केला तरी कायम.

मुदतीत पकडला गेला तर डिक्लेररला काहीच होत नाही: चुकीचं पान हातात, बरोबरचं टेबलावर. त्याच्यानंतर विरोधकांनी टाकलेली पानं त्यांना बदलायची असतील तर बदलता येतात. डिफेंडरने केला असेल तर चुकीचं टाकलेलं पान हातात जात नाही. ते त्याच्यासमोर चित्र वर करून पडून राहतं. यालाच पेनल्टी कार्ड म्हणतात, आणि नवीन लोकांना सर्वात घाबरवणारी गोष्ट हीच. एक उदाहरण शेवटपर्यंत बघितलं की भीती जाते.

दक्षिण तीन नोट्रम्प (म्हणजे हुकूम नसलेलं कॉन्ट्रॅक्ट) खेळतोय. त्याने बदाम उतरला. पश्चिमेकडे बदामाची सत्ती आहे, पण ती चौकटीत लपलीय, म्हणून तो इस्पिक नव्वी टाकतो. ट्रिक पूर्ण होते आणि तेवढ्यात सत्ती दिसते. पुढच्या ट्रिकमध्ये त्याच्या बाजूने अजून कोणी पान टाकलेलं नाही. डायरेक्टर येतो. सत्ती ट्रिकमध्ये जाते, इस्पिक नव्वी पश्चिमेसमोर उघडी राहते.

आता दोन गोष्टी लागू होतात. एक, पश्चिमेला पहिल्या कायदेशीर संधीला ती नव्वी खेळावी लागेल. इस्पिक उतरलं गेलं की नव्वी, आणि मागितलेल्या रंगाचं पान नसताना फेकायची वेळ आली की तीच नव्वी. दोन, नव्वी टेबलावर असताना पूर्वेची उतारी आली तर पूर्वेने घाईने पान काढायचं नाही, दक्षिणला विचारायचं. दक्षिणपुढे तीन वाटा: "इस्पिकच उतर" म्हणायचं, "इस्पिक उतरायचं नाही" म्हणायचं, किंवा "काहीही उतर" म्हणायचं. पहिल्या दोन्हींपैकी एक निवडली तर नव्वी पश्चिमेच्या हातात परत जाते आणि मोकळी होते. मनाई केली असेल तर पूर्वेकडे उतारी सलग राहील तोवर ती चालू राहते. तिसरी वाट घेतली तर नव्वी आहे तिथेच पेनल्टी कार्ड म्हणून पडून राहते. इस्पिक हाच दक्षिणचा कच्चा दुवा असेल तर तो मनाई करेल, हे उघड आहे.

नव्वी टेबलावर आहे तोवर पूर्वेला ती दिसते ही माहिती त्याने वापरायला हरकत नाही. ती हातात परत गेली की मात्र "भिडूकडे इस्पिक नव्वी आहे, त्याला इस्पिक हवंय" हे पूर्वेने विसरायचं आणि त्याच्या आधारावर काही ठरवायचं नाही.

हे झालं मोठं पेनल्टी कार्ड. नव्वी लहान असून मोठं का? कारण ती मुद्दाम खेळली होती. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी ही ऑनर पानं कशीही उघडी पडली तरी मोठंच, आणि एकाच डिफेंडरची दोन पेनल्टी कार्डं झाली तर दोन्ही मोठी. नकळत पडलेलं, दश्शीखालचं एकटं पान, उदाहरणार्थ हातातून निसटलेली बदाम चौकी, हे छोटं पेनल्टी कार्ड. त्याचा जाच कमी: चौकी जाईपर्यंत बदामाचं दुसरं दश्शीखालचं पान खेळायचं नाही, ऑनर मात्र खेळता येतं. भिडूच्या उतारीवर काही बंधन येत नाही.

मुदत उलटून रिव्होक कायम झाला तर पान तिथेच राहतं, डाव पुढे चालतो, हिशेब शेवटी होतो. रिव्होकवाली ट्रिक त्या खेळाडूनेच जिंकली असेल तर ती ट्रिक आणि त्याच्या बाजूने नंतर जिंकलेली एक ट्रिक, अशा दोन समोरच्यांना जातात, नंतर एकही जिंकली नसेल तर एकच. त्याने ती जिंकली नसेल, पण त्याच्या बाजूने ती किंवा नंतरची एखादी जिंकली असेल, तर एक. रिव्होकच्या आधी जिंकलेल्या ट्रिकांना धक्का लागत नाही. नुकसान याहून जास्त झालंय असं दिसलं तर डायरेक्टर भरपाई वाढवतो. बाराव्या ट्रिकमधला रिव्होक मात्र कायम झाला तरी, चारही हातांची पानं बोर्डात (पानं पुढच्या टेबलावर न्यायच्या खोक्यात) परत जाण्याआधी लक्षात आला तर, दुरुस्तच करायचा असतो.

भिडूने दुसरा रंग टाकला की "बदाम नाही?" असं डमी डिक्लेररला विचारू शकतो. तो विचारावाच, डमीच्या हातात मदतीच्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यातली ही एक. डिफेंडरनी एकमेकांना विचारायलाही नियमात मुभा आहे, पण त्या विचारण्यातून भिडूला काही कळलं तर ते अडचणीचं ठरू शकतं, म्हणून विचारायचं तर प्रत्येक वेळी, एकाच सुरात विचारा.

आपली पाळी नसताना उतारी

पहिली उतारी पान पालथं ठेवून करायची, भिडूला "काही प्रश्न?" विचारायचं, मगच उलटायचं. हा उपचार वाटतो, पण तुम्हाला वाचवतो तो हाच. उतारी तुमची नव्हतीच असं पान पालथं असताना कळलं, तर डायरेक्टर ते हातात परत घ्यायला सांगतो आणि विषय संपतो. मात्र आपल्याच उतारीचं पालथं पान 'दुसरं बरं होतं' म्हणून बदलता येत नाही.

चुकीच्या डिफेंडरने पान उघडंच टाकलं तर डिक्लेररपुढे पाच वाटा येतात. उतारी मान्य करून स्वतःची पानं मांडायची आणि भिडूला डिक्लेरर करायचं. मान्य करून डमीची पानं मांडायला सांगायची आणि आपण खेळायचं. किंवा नाकारायची, मग ते पान मोठं पेनल्टी कार्ड होतं आणि ज्याची खरी उतारी आहे त्याच्याबाबत वर सांगितलेल्या तीन वाटा. नवशिक्याने त्या पाचही डायरेक्टरकडून ऐकूनच निवडाव्यात.

डिक्लेररने चुकीच्या बाजूने उतारी केली, म्हणजे डमीतून करायची ती हातातून, तर कोणताही डिफेंडर ती मान्य करू शकतो किंवा परत घ्यायला लावू शकतो. दोघांचं मत वेगळं पडलं तर त्या चुकीच्या पानानंतर ज्याची पाळी येते त्याचं चालतं. परत घ्यायला लावली तर दंड नाही आणि योग्य बाजूने त्याच रंगाचं पान उतरायचं बंधनही नाही. "सॉरी, सॉरी" म्हणत डिक्लेररने आपणच पान उचलायचं नाही एवढं लक्षात ठेवा, तो हक्क डिफेंडरचा. डमीने आधीच "उतारी तुझ्या हातात आहे" असं सावध केलं तर चालतं. चूक घडण्याआधी थांबवायला त्याला परवानगी आहे.

विरोधकाने "तुमचीच उतारी" असं चुकीचं सांगितलं म्हणून तुम्ही पान टाकलं असेल तर ते बिनदंड परत मिळतं. विरोधकांनी त्यांच्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला आणि त्यावर विसंबून तुम्ही पान टाकलं, मग खरा अर्थ कळला, तरीही परत घेता येतं. त्या ट्रिकमध्ये तुमच्यानंतर कोणी पान टाकलेलं नसावं एवढीच अट. पहिली उतारी असेल तर डमीचं एकही पान उघडं होण्याआधी.

दोन पानं चिकटून एकदम आली आणि एकच दिसत असेल तर तेच खेळलं, दुसरं हातात. दोन्ही दिसली तर कोणतं खेळायचं ते तुम्ही सांगा. डिफेंडर असाल तर उरलेलं पेनल्टी कार्ड होतं, डिक्लेरर असाल तर हातात जातं. बोलीच्या डब्यातून (क्लबात बोली तोंडाने न करता छापील कार्ड काढून करतात) भलतंच कार्ड निघालं तर तिथेही जिभेचाच न्याय: बोटं चुकली असतील तर भिडूने बोली करेपर्यंत बदलता येतं, विचार बदलला असेल तर नाही.

ऑनलाइन शिकून आलेल्यांसाठी

संगणकावर ब्रिज शिकून आलेल्यांना यातलं बरंचसं नवं वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिथे रिव्होक करताच येत नाही, पाळी नसताना पान टाकता येत नाही, डमी चुकीचं पान उचलत नाही. चुकून क्लिक झालं तर अनडूची विनंती करता येते, विरोधकांनी मान्य केली तर पान परत येतं, आणि आयोजक ती सोय बंदही ठेवू शकतात. टेबलावर ते बटण नाही. पहिल्या संध्याकाळी क्लबात गेलात की खेळ सुरू व्हायच्या आधी डायरेक्टरला आणि टेबलावरच्या मंडळींना सांगून टाका: "मी आजवर ऑनलाइनच खेळलोय." हे ऐकल्यावर लोक सांभाळून घेतात, डमी तुमच्यासाठी जास्त जागरूक राहतो.

आणि समोरचा नवा आहे, त्याच्याकडून दंड घ्यायला मन होत नाही, असं तुम्हाला वाटलं तर त्यालाही नियमातच जागा आहे. डायरेक्टरला बोलवा, निर्णय ऐका आणि मग त्याला सांगा की सबळ कारण असेल तर दंड माफ करावा. अशी विनंती फक्त ज्याच्याविरुद्ध चूक झाली त्याच बाजूला करता येते, आणि ती मान्य करायची की नाही हे डायरेक्टर ठरवतो.